चारशे बारावी ओळ

मंगळवार, सकाळी, चहा गार झाल्यावर

तीर्थरूप आत्या हिला,

भाच्याचा नमस्कार. साष्टांग घालायचा विचार होता, पण माझ्या खोलीत सध्या जमिनीवर सहा प्रिंटर, दोन स्कॅनर आणि केबलींचा असा काही पसारा आहे की आडवं व्हायला जागा नाही, त्यामुळे उभ्या उभ्या केलेला नमस्कार गोड मानून घे. तुझा दमा कसा आहे? काकांचा गुडघा? मागच्या वेळी काका म्हणाले की गुडघा बरा आहे पण तू त्यांना जिना चढू देत नाहीस. तू म्हणालीस की गुडघा बरा नाही म्हणूनच त्यांना जिना चढायची हुक्की येते. मी दोघांचंही खरं धरलं. इकडे बाबा ठीक आहेत. आई ठणठणीत आहे आणि मला दिवसातून दोनदा लग्नाबद्दल विचारते, म्हणजे फारच ठणठणीत आहे.

फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. गेल्या तीन महिन्यांत मी तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा माझ्या तोंडून 'सिस्टिम' हा शब्द बाहेर पडला आणि त्याच क्षणी तुझं दूध उतू गेलं. पहिल्या दोन वेळा मी विश्वास ठेवला. तिसऱ्या वेळी जरा शंका आली. चौथ्या वेळी मागून काकांचा आवाज स्पष्ट ऐकू आला की अगं, दूध तर सकाळीच संपलंय. म्हणून हे पत्र. पत्र वाचताना खरोखरच दूध उतू गेलं, तर ते उतरवून ठेवून माणसाला पुन्हा त्याच ओळीवर येता येतं.

तुझ्या घरी पाकीट आधी काका फोडतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा काका, तुमच्यासाठी थोडं सुरुवातीपासून सांगतो. (आत्या, तू हा परिच्छेद सोडून दे. यातलं सगळं तूच मला शिकवलेलं आहे.) मी ज्या सिस्टिमवर काम करतो ती कोणी विकत नाही. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून ती लिहितात. कोणीही ती उघडून आत बघावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं आणि वाटेल त्याला द्यावी. संगणकाला तुम्ही एखादं यंत्र जोडलंत, प्रिंटर म्हणा, स्कॅनर म्हणा, वजनकाटा म्हणा, की सिस्टिम त्याला एक नाव देते, कारण पुढे जो कोणी त्या यंत्राला काम सांगतो तो नावानेच सांगतो. नाव कसं द्यायचं याचे नियम एका फाइलमध्ये लिहिलेले असतात. वीस वर्षांपूर्वी ही फाइल चौदा ओळींची होती. मग कोणाचा तरी विचित्र कॅमेरा आला, त्याच्यासाठी एक ओळ वाढली. मग त्या कॅमेऱ्याशी न पटणारा दुसरा कॅमेरा आला, म्हणून आणखी दोन. आज सहाशे अडतीस ओळी आहेत आणि ही फाइल पूर्ण समजलेला माणूस शोधून सापडत नाही. एक होता म्हणतात, पण त्याने सगळं सोडून मधमाश्या पाळल्या. तर काका, मी गेले तीन महिने ही फाइल लहान करायच्या मागे लागलो आहे. सहाशे अडतीसच्या नऊ ओळी करायच्या आहेत. आई म्हणते यापेक्षा घरातलं माळ्यावरचं सामान कमी कर.

आता हे खूळ डोक्यात शिरलं कसं, ते सांगतो. माझ्या खोलीपासून तीन रस्ते पलीकडे एक सार्वजनिक वाचनालय आहे. तळमजल्यावर मागच्या बाजूला, नकाशांची कपाटं संपली की एक अरुंद खोली आहे, तिथे ब्रेल विभाग. तो विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि बाई. बाईंना जन्मापासून दिसत नाही. कडक इस्त्रीचे कपडे, काटे चाचपून वेळ बघायचं घड्याळ, आणि पावलांवरून माणूस ओळखायची सवय. (मी दारात आलो की त्या म्हणतात, आज पुन्हा बुटाची नाडी सुटलीये. सुटलेलीच असते.) चौदा वर्षं बाई न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तकं ब्रेलमध्ये आणतात. आपली सिस्टिम त्यांना मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. तो ऐकत ऐकत त्या पान लावतात, तपासतात आणि छापतात. त्यांच्या संगणकाला दोन यंत्रं जोडलेली आहेत. एक साधा शाईचा प्रिंटर, तो ग्रंथपालसाहेबांच्या पत्रांसाठी. दुसरं कागदावर ठिपके उठवणारं ब्रेलचं यंत्र, ते चालू झालं की पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखा आवाज येतो.

सहा महिन्यांपूर्वी जुना प्रिंटर मोडला आणि नवा, स्वस्तातला आला. तेव्हापासून सकाळी संगणक सुरू केला की दोघांतलं जे यंत्र आधी जागं होईल त्याला सिस्टिम 'प्रिंटर शून्य' म्हणते आणि जे मागून येईल त्याला 'प्रिंटर एक'. बाईंची पुस्तकं शून्याकडे जातात, साहेबांची पत्रं एकाकडे. ज्या दिवशी ठिपक्यांचं यंत्र आधी जागं होतं त्या दिवशी सगळं सुरळीत चालतं. ज्या दिवशी शाईचा प्रिंटर पुढे होतो, त्या दिवशी वाचनालयात कोणाच्या हातात काय पडेल ते सांगता येत नाही. भूगोलाची चौऱ्याऐंशी पानं शाईत छापून निघाली. बाईंनी गठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, आज डोंगर, दऱ्या, पठार सगळं सपाट झालंय. त्याच दिवशी छत गळतंय अशी साहेबांची तक्रार नळदुरुस्तीवाल्याकडे ठिपक्यांत गेली. त्याने तो फोड आलेला कागद उजेडात धरून बघितला, गळती फारच वाढलेली दिसते असं समजला आणि शिडी घेऊन धावत आला. (साहेबांच्या इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारात ताबडतोब परिणाम झालेलं हे एकच पत्र. पण हे त्यांना पटत नाही.)

साहेब माणूस वाईट नाही, फक्त त्यांना पत्र पाठवल्यावर ते पत्रासारखं दिसावं असं वाटतं. त्यांनी ठरवून टाकलं आहे की या महिनाअखेरीपर्यंत हा घोळ थांबला नाही तर संगणकावर विकतची सिस्टिम घालायची. त्या सिस्टिमवर बाईंचा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम चालत नाही. मग पुस्तकांचं काम बाहेर द्यायचं, 'जमेल तसं', आणि बाईंनी दाराशी बसून परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारायचे. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही. म्हणाल्या, शिक्का मारण्यात कमीपणा नाही, पण आमची मुलं परीक्षेला बोटं कशावरून फिरवतील ते साहेबांना कोणीतरी विचारा. आत्या, मला त्या खोलीत उभं राहून स्वतःची भयंकर लाज वाटली. ही सिस्टिम आम्ही लिहितो, ऊर बडवून सांगतो की ती सगळ्यांची आहे, आणि एका बाईंचं चौदा वर्षांचं काम आमच्या एका फाइलीपायी दाराशी जाऊन बसणार. मी तिथल्या तिथे बाईंना शब्द दिला. तुला माहीत आहे, मी शब्द आधी देतो आणि विचार नंतर करतो.

पहिला उपाय सोपा वाटला. कुठली केबल कुठल्या खाचेत जाते त्यावरून नाव ठरवायचं. मी खाचांना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, नियम लिहिला, बाईंना सलाम ठोकला आणि शीळ घालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा उलटं. चौकशीअंती कळलं की सफाईच्या मावशी रोज संध्याकाळी फरशी पुसायच्या आधी सगळ्या केबली उपटतात आणि पुसून झाल्यावर हाताला येईल ती, दिसेल त्या खाचेत घालतात. नऊ वर्षांचा शिरस्ता आहे. मी नम्रपणे विनंती केली. मावशींनी फडका पिळत विचारलं, ओल्या फरशीवर मला करंट लागला तर तू येणार आहेस का? मी म्हटलं, नाही येणार. त्या म्हणाल्या, मग सरक. मी सरकलो. (चिकटपट्ट्या त्यांनी काढून टाकल्या. मळ धरतात म्हणे.)

दुसरा उपाय बाईंनी स्वतः शोधला. दहा मिनिटं आधी येऊन त्या ठिपक्यांचं यंत्र आधी सुरू करायच्या. तीन दिवस सुखात गेले. चौथ्या दिवशी साहेब लवकर आले आणि मदत करावी या शुद्ध हेतूने त्यांनी खोलीचं मोठं बटण दाबून सगळंच एकदम चालू केलं. तिसरा उपाय मी यंत्रांना त्यांचा नंबर विचारायचा केला. प्रत्येक यंत्राच्या पोटात कारखान्याने एक नंबर घातलेला असतो, निदान घालायचा असतो. या दोघांचे नंबर मी वाचले तर दोन्ही कोरे. दोन वेगळ्या कारखान्यांनी, एकमेकांना न विचारता, सारखाच आळस केला होता. नंबर नाही तर नाही, पण 'तू ठिपक्यांचं यंत्र आहेस का शाईचं' एवढं विचारलं तरी दोघंही मुकाट्याने खरं सांगतात. म्हणून मी चौथा उपाय केला आणि तसं विचारणारा नियम बाईंच्या संगणकावर लिहिला. तो वाचलाच जाईना. दोन दिवस मी टेबलाखाली बसून होतो. बाईंनी मला एकदा पाणी दिलं आणि एकदा पाय आखडला असेल तर जरा बाहेर चालून या असं सुचवलं. शेवटी कळलं की माझ्या नियमापर्यंत सिस्टिम पोचतच नाही, कारण वाटेत मुख्य फाइलीतली ओळ क्रमांक चारशे बारा तिला अडवते.

ही ओळ मी तुला जशीच्या तशी सांगतो, कारण ती मला आता झोपेतही पाठ आहे. ज्या यंत्राचा नंबर कोरा असेल, त्याला आल्या क्रमाने नाव द्या. पुढे काही विचारू नका. बस्स. आणि तिच्याशेजारी एक टिपण आहे: 'तात्पुरतं. सोमवारी काढते.' खाली नाव आहे, 'सुई'. ओळ अठरा वर्षांची आहे. अठरा वर्षांत सोमवार किती आले ते मी मोजायला गेलो नाही. मी बाईंच्या संगणकावरून ती ओळ गुपचूप खोडली, तर पुढच्या आठवड्याच्या अपडेटबरोबर ती परत येऊन हजर. पुन्हा खोडली, पुन्हा आली. असं पाच वेळा झालं. मग मी मूळ फाइलीतूनच काढायची असा निश्चय केला आणि बघतो तर या एका ओळीवर टेकून तेहतीस ओळी उभ्या, आणि त्या तेहतिसांवर टेकून बाकीचं खटलं. तेव्हा मी सबंध फाइल नव्याने लिहिली. मालकाने नाव ठेवलं असेल तर तेच आधी. नसेल ठेवलं तर यंत्राला विचारायचं, तू कोण. एकदा दिलेलं नाव मालक सांगेपर्यंत दुसऱ्याला द्यायचं नाही. बाकीचे सहा नियम फक्त या तिघांमधली भांडणं मिटवायला. खोलीतल्या सहा प्रिंटरांवर आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या प्रत्येक यंत्रावर मी हे चालवून बघितलं. (शेजाऱ्यांचा वजनकाटा अजून माझ्याकडे आहे. त्यांच्याकडून निरोप आला की वजन वाढायला लागल्यासारखं वाटतंय, तेव्हा परत पाठवा.)

नऊ ओळी घेऊन मी फाटकवाल्याकडे गेलो. (काका, फाटकवाला म्हणजे आमच्या सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत काय आत येणार आणि काय नाही ते ठरवणारा माणूस. त्याला आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नाही.) मी त्याला बाईंची सगळी हकीकत, नळदुरुस्तीवाला, मावशी, यच्चयावत लिहून पाठवलं. त्याचं उत्तर तीन शब्दांचं आलं: सगळ्यांची संमती आहे? कारण आमच्याकडे प्रथा अशी आहे की दुसऱ्याने लिहिलेली ओळ, तो जिवंत आहे तोवर, त्याने लेखी हो म्हटल्याशिवाय काढायची नाही. ही प्रथा का पडली ते तुला चांगलं ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी कोणीतरी एक निरुपयोगी दिसणारी ओळ काढून टाकली आणि दूर कुठेतरी नदीच्या पाण्याची उंची मोजणारं यंत्र अकरा आठवडे मुकं झालं. पाणी पुलावर आलं तेव्हा कळलं. नशिबाने कोणाला इजा झाली नाही. त्यावर एका जाणत्या व्यक्तीने सगळ्यांना उद्देशून लिहिलं की एखादी ओळ का आहे ते तुम्हाला कळत नाही, याचा अर्थ ती निरुपयोगी आहे असा होत नाही. तुम्हाला कळत नाही, एवढाच होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या, प्रथा पडली, आणि ती जाणती व्यक्ती आठवड्याभरात मंडळींमधून निघून गेली. का, ते कोणालाच समजलं नाही. मला ते पत्र तेव्हाही आवडलं होतं. आताही आवडतं, पण नाकी नऊ आले आहेत.

तर सहाशे अडतीस ओळींचे एकंदर सत्तेचाळीस धनी निघाले. मी एकेकाला गाठत सुटलो. मधमाश्यावाल्याकडे फोन नाही, म्हणून दोन बस बदलून गेलो. तो कुंपणापलीकडे जाळी घालून उभा, मी अलीकडे उघडा. त्याच्या एकशे नऊ ओळी होत्या. मी सगळा युक्तिवाद पाठ करून गेलो होतो, तो निम्म्यात असताना पापणीवर मधमाशी चावली. त्याने शांतपणे काटा काढला, कागदावर लिहून दिलं की जरूर काढा, आणि म्हणाला, मला वाटलं तुम्ही त्या केव्हाच काढल्या. परतीच्या बसचा फलक मी एका डोळ्याने वाचला आणि चुकीच्या बसमध्ये बसलो.

त्याहून अवघड गेली ओळ क्रमांक दोनशे सात. ती एका नवराबायकोने मिळून लिहिलेली. स्वल्पविरामापर्यंतची त्याची, पुढची तिची. सहा वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले आणि तेव्हापासून एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत. तो म्हणाला, आधी तिचं घेऊन या. ती म्हणाली, चूक त्याच्या अर्ध्यात होती हे त्याने मान्य केलं तर देते. मी तीन आठवडे इकडचा निरोप तिकडे करत होतो, आणि मधल्यामध्ये मला त्यांच्या संसाराची इतकी माहिती झाली की मी आता कोणत्याही बाजूने साक्ष देऊ शकतो. शेवटी दोघांनी एकाच दिवशी हो लिहून पाठवलं. तिने त्याला सांगायला सांगितलं की सहा वर्षांत आपलं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं. मी सांगितलं. त्याने फोनवर मला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, ओळ तशी चांगली होती हो.

अशी सेहेचाळीस संमतिपत्रं माझ्या टेबलावर आहेत. सत्तेचाळिसावं नाही. सुई म्हणून जी कोणी आहे तिने अठरा वर्षांपूर्वी ती ओळ लिहिली, आणि आता तिचा पत्ता लागत नाही असं सगळे म्हणतात. पुढच्या शुक्रवारी फाटकवाला फाटक बंद करतो. त्यानंतर नवी आवृत्ती दोन वर्षांनी. तोवर बाईंच्या हातात शिक्का आलेला असेल, आणि एकदा हातात आलेला शिक्का कोणी काढून घेत नाही. आत्या, मी हातात घेतलेली किती कामं अर्धवट टाकली ते तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. बासरी, पोहणं, काकांची सायकल. (काका, चेन सापडली आहे. सायकल शोधतो आहे.) पण हे मी सोडणार नाही. शुक्रवारपर्यंत मी सुईच्या दाराशी जाऊन बसेन, तिने दार लावलं तर खिडकीशी बसेन, आणि दूध उतू जात असेल तर आत जाऊन गॅस बंद करून परत येऊन बसेन. एवढं कळवायचं होतं. बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार, आणि तू वाफ घेतेस ना?

तुझा भाचा,
खुडबुड्या

ता. क. : सुई तू आहेस. मला तीन महिन्यांपासून माहीत आहे. 'पुढे काही विचारू नका' हे वाक्य मी लहानपणी तुझ्या तोंडून रोज ऐकलं आहे: पानावर बसा, पुढे काही विचारू नका, दिवा मालवा, पुढे काही विचारू नका. अशी आज्ञा एखाद्या संगणकाला देणारी दुसरी बाई असणं शक्य नाही. सोबत एक कार्ड ठेवलं आहे, तिकीट लावलेलं, पत्ता घातलेला. त्यावर 'ओळ चारशे बारा काढावी' एवढं लिही आणि सही कर. पत्र मिळाल्या दिवशीच टाकलंस तर सोमवारपर्यंत पोचतं. कार्ड काकांच्या हाती देऊ नकोस, ते आधी वाचत बसतील.

आणखी एक ता. क. : पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. ती ओळ तू ज्या दिवशी लिहिलीस ती तारीख मी बघितली. शुक्रवार होता. तू तेव्हा इस्पितळात यंत्रदुरुस्तीच्या खात्यात होतीस, आणि वॉर्डात रुग्णांच्या उशाशी लावायचे, नाडीचे ठोके दाखवणाऱ्या यंत्रांचे पडदे कोऱ्या नंबराचे आले होते. सिस्टिम त्यांना 'तू कोण, तू कोण' विचारत अडून बसली होती आणि पडदे काळेच. तू तिला गप्प केलंस आणि पडदे उजळले. हे मला तुझ्या जुन्या सोबत्यांकडून कळलं. ओळ बरोबर होती, आत्या. त्या दिवशी तिच्याइतकी बरोबर ओळ सबंध फाइलीत दुसरी नसेल. सोमवारी तू ती नीट करणारच होतीस. पण मधल्या रविवारी आईला दवाखान्यात हलवलं, आणि सोमवारी सकाळी तू एक पिशवी घेऊन आमच्या दारात उभी होतीस. सात महिने राहिलीस. मी बारा वर्षांचा होतो. माझे डबे, माझं गणित, बाबांचं घाबरणं, सगळं तू अंगावर घेतलंस, आणि मला वाटायचं की तुला दुसरं काही काम नसतं. चार वर्षांपूर्वी तू सगळ्यांना लिहिलेल्या त्या पत्रावर कोणीतरी तुला उलट टोमणा मारला, तात्पुरत्या ओळी घालून पळून जाणाऱ्यांचं काय, म्हणून. तू आठवड्याभरात निघून गेलीस. तो टोमणा मी गेल्या महिन्यात वाचला आणि दिवसभर जेवलो नाही. लाज वाटायची असेल तर ती मला वाटू दे. तुझा तो सोमवार माझ्यावर खर्च झाला. आता हे काम मला करू दे.

शेवटचा ता. क. (नक्की शेवटचा, पाकीट आता मावत नाही): ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना विचारल्याशिवाय पाठवणं बरं दिसेना, म्हणून हे सगळं पत्र मी आज दुपारी बाईंना वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, फार लांब आहे, आणि मुद्दा तळाशी बसलाय. मग त्यांनी स्वतःच तुला दोन पानं लिहिली. मला बाहेर नकाशांच्या कपाटांपाशी उभं केलं आणि आतून दार लोटून घेतलं. तुला वाचता यावीत म्हणून ती पानं त्यांनी शाईच्या प्रिंटरकडे पाठवली, आणि दाराबाहेर मला वाटाणे सांडल्याचा आवाज ऐकू आला. मी म्हटलं, बाई, थांबा, दोन मिनिटांत नावं बदलून पुन्हा छापतो. बाई म्हणाल्या, नको, अशीच जाऊ देत. तर ती दोन पानं सोबत आहेत. काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, तुलाही येणार नाही, आणि बाई सांगत नाहीत. फक्त शेवटी त्यांनी माझं बोट धरून कागदावर एका जागी टेकवलं आणि म्हणाल्या, इथे माझं नाव आहे.